चिप भरून मिळेल

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बडनेरा स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावर मोबाईल दुरुस्तीच्या टपऱ्या एकाला लागून एक उभ्या होत्या. कुठे फ्लेक्सवर, कुठे पुठ्ठ्यावर स्केचपेनने, पण प्रत्येकीवर एक ओळ हमखास असायची : ‘चिप भरून मिळेल’. चिप म्हणजे मेमरी कार्ड. दहा-वीस रुपये द्यायचे, नखाएवढं कार्ड काउंटरवर ठेवायचं आणि चहा पिऊन यायचं. तोवर त्यात तीन-चारशे गाणी जाऊन बसलेली असत. पुण्याला, सुरतेला कामासाठी निघालेली पोरं गाडी यायच्या आत हे काम उरकून घेत. ‘भाऊ, चिप भरून दे न. नवे गाने टाक, अन् दोन-चार कव्वाल्या बी टाकजो,’ असं म्हणणारा मुलगा मुसलमान असेलच असं नाही आणि भीमगीतं मागणारा बौद्ध असेलच असंही नाही. दुकानदाराच्या जुनाट कॉम्प्युटरवर सगळ्यांचे फोल्डर शेजारी-शेजारी होते. एप्रिल लागला की भीमगीतांना मागणी, रबीउल अव्वलमध्ये नातशरीफला, भादव्यात गणपतीच्या गाण्यांना.

मला त्या पाटीवरचं ‘भरणे’ हे क्रियापद आवडायचं. डाउनलोड हा शब्द छापलेला असायचा, तोंडात मात्र नव्हता. तोंडात होतं ते भरणं, आणि ते चिपच्या आधीचं होतं. माझ्या अब्बांच्या काळात लोक कॅसेट भरून घेत. ते रेल्वेत नोकरीला. ड्युटी संपली की पाठकोऱ्या कागदावर गाण्यांची यादी करायचे, कोरी कॅसेट आणि यादी दुकानदाराकडे द्यायचे आणि आठवड्याने भरलेली कॅसेट घेऊन यायचे. दुकानदार आतल्या कार्डावर बॉलपेनने गाणं आणि गायक लिहून देई. अब्बा घरी येऊन त्याच्या बाजूला हिरव्या शाईने शायराचं नाव लिहीत. शकील, मजरूह, साहिर, राजा मेहदी अली खाँ. मी एकदा विचारलं, हे कशाला? म्हणाले, ‘गानेवाले की तो आवाज है, पहचान में आ जाता. लिखनेवाला बेचारा किधरसे पहचान में आयेगा?’

ती कॅसेटही बेकायदा, ही चिपही बेकायदा. आपल्याकडे डाउनलोडिंगवर बोलताना हे विसरलं जातं. इंटरनेट आलं आणि संगीताचा धंदा बुडाला, लोकांना फुकटाची चटक लागली, कलाकाराच्या तोंडचा घास गेला, असं सांगितलं जातं. धंदा बुडाला हे खरं. पण तो घास कलाकाराच्या ताटात होता कधी? आणि डाउनलोडने त्याचं खरोखर काही नेलं असेल तर ते काय? बडनेऱ्यातल्या एका कव्वालामुळे हा प्रश्न मला पडला. त्यांच्याकडे येतो, पण थोडं मागून.

१९०२ साली फ्रेड गेस्बर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यात उतरला. हॉटेलातच त्याने आपलं यंत्र मांडलं. भारतात सगळ्यात आधी ज्यांचे आवाज तबकडीवर गेले त्यांत गौहर जान होत्या. तासन्‌तास रंगणारी चीज तीन मिनिटांत बसवायची, तोंड मोठ्या भोंग्यात घालून गायचं, हे त्यांनी करून दाखवलं. त्या रेकॉर्डच्या शेवटी एक गंमत ऐकू येते. गाणं संपतं आणि बाई इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारतात. लोकांना तो नखरा वाटतो. कारण अगदी व्यवहारी होतं. मुद्रण कलकत्त्यात झालं तरी तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला हा आवाज कुणाचा हे कळणार कसं आणि लेबल कोणतं चिकटवायचं? म्हणून गाणाऱ्यानेच नाव सांगायचं. नव्या यंत्राच्या पहिल्याच वर्षी आपल्या बाईला आवाजासोबत नावही पाठवावं लागलं.

खरं तर आपल्याकडे ही सोय आधीपासून होती. गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर आपलं तखल्लुस गुंफतो. अभंगात तुका, नामा, जनी, एका यांची मुद्रा येते. आमच्या जिल्ह्यातल्या मोझरीचे तुकडोजी महाराज भजनाच्या शेवटी तुकड्या म्हणून हजर होतात. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, तेव्हा कवीने आपला हक्क असा गाण्याच्या अंगातच शिवून ठेवला होता. चोराने गाणं नेलं तरी नाव सोबत जायचं. सिनेमाच्या गाण्याने हा रिवाज मोडला. पडद्यावर नायक गातोय, त्यात मध्येच शायराचं नाव कसं येणार? तिथून लिहिणाऱ्याचं नाव गाण्याबाहेर गेलं आणि दुसऱ्यांच्या मर्जीवर राहू लागलं. रेकॉर्डच्या लेबलवर, सिनेमाच्या श्रेयनामावलीत, रेडिओच्या निवेदकाच्या तोंडी. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. गाणं लावण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार, चित्रपट अशी नावं घेण्याची तिची शिस्त पुढे कित्येक पिढ्यांच्या कानाला लागली. गीतकाराचं नाव रेडिओवर घेतलं जावं यासाठी साहिर लुधियानवी आग्रहाने भांडले होते, असं त्यांच्याबद्दल लिहिणारे सांगतात. माझ्या अब्बांची हिरवी शाई बहुधा तिथूनच आली असावी.

त्याच १९५७ साली कॉपीराइटचा कायदा झाला. पण कायद्याने हक्क म्हटलं तरी तो कुणाकडे जातो हे करारावर ठरतं, आणि करार लिहिणारा हात निर्मात्याचा किंवा कंपनीचा. इथे मोहम्मद रफी आणि लता मंगेशकर यांचं भांडण आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीचा हा प्रसंग. लताबाईंचं म्हणणं, रेकॉर्ड विकली जाते तोवर गायकालाही त्यात वाटा मिळाला पाहिजे. रफीसाहेबांचं म्हणणं, गाण्याचे ठरलेले पैसे घेतले, तिथे हिशेब संपला, पुढे गाणं चालो न चालो. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. आमच्या मोहल्ल्यात ही कहाणी रफीसाहेबांच्या दरियादिलीचा दाखला म्हणून सांगितली जायची. मीही तशीच ऐकत मोठा झालो. त्यांची नियत मोठी होती, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. नव्या निर्मात्यांसाठी नाममात्र पैशांत गाणारा माणूस होता तो. पण आता वाटतं, त्या वादात लताबाईंचं बरोबर होतं. एकदाच पैसे घेऊन हात झटकणं रफींना परवडणारं होतं, कारण उद्या सकाळी दुसरं गाणं त्यांची वाट पाहत होतं. तोच नियम ज्याच्या आयुष्यात एकच कॅसेट निघणार आहे त्याला लावला की तो फास होतो.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न वेगळ्या रूपात गेला. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी एका बाजूला, चित्रपट निर्माते दुसऱ्या बाजूला. निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडलेल्या आपल्या टिपणात मात्र गाणाऱ्याची आठवण ठेवली. आपल्या लोकांना भुरळ घालतो तो गळा, आणि कायदा मात्र कागदावरच्या स्वरलिपीला संरक्षण देतो, अशा अर्थाची ती खंत होती. गाणाऱ्याला कायद्याच्या पानावर जागा मिळायला पुढे १९९४ ची दुरुस्ती यावी लागली.

तोवर कॅसेट येऊन जुनीही झाली होती. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचं दुकान चालवणाऱ्या घरातले गुलशन कुमार ऐंशीच्या दशकात या धंद्यात उतरले आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. कॅसेट पानाच्या ठेल्यावर, किराणा दुकानात, एसटी स्टँडवर मिळू लागली. जुनी गाणी नव्या आवाजात गाऊन विकण्याची कायद्यातली फट त्यांनी मनमुराद वापरली. चोरटी छपाई तर सगळेच करत होते. पण कॅसेटने आणखी एक काम केलं, त्याची दाद दिली पाहिजे. रेकॉर्ड काढायला कलकत्त्याचा कारखाना लागायचा, कॅसेट काढायला एक खोली आणि चार यंत्रं पुरत. त्यामुळे ज्यांना मोठ्या कंपन्यांनी दारातही उभं केलं नसतं असे लोक मुद्रित झाले. भीमगीतं गाणारे, खंजिरीवर भजन म्हणणारे, जिल्ह्या-तालुक्याचे कव्वाल. इस्माईल आझाद, युसुफ आझाद, शकीला बानो भोपाली, जानी बाबू ही मुंबईच्या रेकॉर्डवर पोचलेली नावं. त्यांच्या मागे उरुसाउरुसांतून फिरणारी केवढी तरी मोठी रांग होती. तिला कॅसेटने पहिल्यांदा चेहरा दिला.

या रांगेतून निघालेला सगळ्यात मोठा आवाज आपल्या विदर्भातला. अल्ताफ राजा नागपूरचे. वडील इब्राहिम इक्बाल आणि आई राणी रूपलता, दोघंही कव्वाल. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची ‘तुम तो ठहरे परदेसी’ ही कॅसेट अशी चालली की ट्रक, ऑटो, सलून, लग्नाचा मांडव, कुठेही जा, तोच आवाज. सिनेमाचा आधार नाही, नायक-नायिका नाहीत, कव्वालीच्या घरातला एक मुलगा आणि त्याची कॅसेट. त्या कॅसेटच्या वेष्टनावर त्यांचा फोटो आणि नाव ठळक होतं. लोकांनी आवाजाबरोबर माणूसही ओळखला.

आता आमच्या बडनेऱ्याचे कव्वाल. त्यांच्या मुलाच्या सांगण्यावरून नाव लिहीत नाही. मोहल्ल्यात सगळे त्यांना कव्वालचाचा म्हणत. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये हमाली आणि उरलेल्या वर्षात गाणं. कलाम स्वतःचं, चाल स्वतःची. अचलपूरला दूल्हा रहमान शाहांचा उरूस, नागपूरला ताजबागचा, झालंच तर खेड्यापाड्यांतले छोटे दर्गे, अशी त्यांची पायवाट ठरलेली. १९९३ साली एका कंपनीने त्यांना बोलावलं. एका दिवसात आठ कव्वाल्या मुद्रित झाल्या. स्टॅम्पपेपरवर सही झाली, चार हजार रुपये आणि पंचवीस कॅसेटी हातात पडल्या. वेष्टनावर काळी टोपी घातलेला त्यांचा फोटो होता, आडनाव चुकीचं छापलं होतं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्या पंचवीस कॅसेटी त्यांनी विकल्या नाहीत. गावोगावच्या उरूस कमिट्यांना वाटल्या. पुढची चार-पाच वर्षं त्यांच्या सुपाऱ्या वाढल्या, त्या या वाटलेल्या कॅसेटींमुळे. नजराण्याच्या नोटा, बिदागी, जेवण, गाडीभाडं, हेच त्यांचं उत्पन्न. कंपनीने नंतर किती कॅसेटी विकल्या हे त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. रफीसाहेबांसारखाच त्यांचा हिशेब एकदाच संपला होता.

तिकडे जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेतले संशोधक आवाजाची फाइल लहान करण्याच्या खटपटीत होते. माणसाच्या कानाला जे ऐकू येणारच नाही, मोठ्या आवाजाखाली जे दबून जातं, ते काढून टाकायचं, ही त्यामागची कल्पना. सीडीवर एका मिनिटाच्या संगीताला दहा एमबी जागा लागते. ते सुमारे एका एमबीवर आलं. १९९५ मध्ये त्या फाइलच्या शेपटाला एमपीथ्री हे नाव लागलं. १९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर निघालं आणि कोट्यवधी लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरमधली गाणी उचलू लागले. खटले झाले, २००१ मध्ये ते बंद पडलं, २००३ मध्ये ॲपलने एकेक गाणं ९९ सेंटला विकायला सुरुवात केली. जगभरातल्या रेकॉर्ड कंपन्यांचं उत्पन्न तरीही पंधराएक वर्षं घसरतच राहिलं.

बडनेऱ्यात यातलं काहीच थेट आलं नाही. आमच्याकडे ना घरोघरी कॉम्प्युटर होता, ना क्रेडिट कार्ड, ना इंटरनेट. आमच्याकडे आला तो चायना मोबाईल, मोठ्या स्पीकरचा, आणि त्यात चिप. डाउनलोड करायचा तो एकटा दुकानदार, बाकीच्या गावाने फक्त भरून घ्यायचं. दोन जीबीच्या कार्डात चारशे गाणी बसत. कॅसेटच्या दुकानदाराला हे झेपलं नाही. ज्याच्या दुकानात आम्ही यादी घेऊन जायचो त्याने आधी सीडी ठेवल्या, मग मोबाईलची कव्हरं, मग दुकानच दुसऱ्याला दिलं. कंपन्यांनी छापे घातले, पुढे मोबाईलच्या दुकानदारांनाच परवाने देऊन पैसे वसूल करण्याची योजनाही काढून पाहिली. त्या काळात कंपन्यांना तगवलं ते रिंगटोन आणि कॉलर ट्यूनने. महिन्याला तीस रुपये देऊन लोक स्वतःला कधी ऐकू न येणारं गाणं दुसऱ्यांसाठी विकत घेत होते. त्यातलाही मोठा वाटा मोबाईल कंपन्याच ठेवून घेत.

कव्वालचाचांच्या आठही कव्वाल्या या फोल्डरमध्ये होत्या. कुणीतरी जुनी कॅसेट कॉम्प्युटरला जोडून त्यांची फाइल केली होती. चाचा खूश झाले होते! एकदा अमरावतीला राजापेठेत ऑटोत बसले, तर ऑटोवाल्याच्या मोबाईलमधून त्यांचाच आवाज. त्यांनी विचारलं, ‘किसका है ये कलाम?’ ऑटोवाला म्हणाला, ‘पता नई चाचा, कोई पुराना कव्वाल होगा. मर गया होगा.’ ही गोष्ट ते हसत-हसत सांगायचे. दोन-तीनदा सांगून झाल्यावर त्यांनी ती सांगणं सोडलं.

मी त्या फोल्डरमध्ये जाऊन पाहिलं. फाइलचं नाव होतं ‘कव्वाली हिट ०७’. आत गायकाच्या रकान्यात, जिथे नाव लिहायची सोय असते, तिथे ज्या चोरट्या वेबसाईटवरून ती उतरवली तिचा पत्ता होता. अल्बमच्या रकान्यात पुन्हा तोच पत्ता. हे फक्त चाचांचं नव्हतं. लता-रफींच्या फाइलीही तशाच होत्या. पण लता-रफींना आवाजावरून ओळखणारे कोट्यवधी आहेत. मारले गेले ते अब्बांच्या हिरव्या शाईतले लोक. सुरेश भट आमच्या अमरावतीचे. त्यांच्या गझला लोक चिपमध्ये घेऊन फिरत होते, पण फाइलीवर भटांचं नाव मला एकदाही सापडलं नाही. आणि चाचांसारखे, ज्यांचा आवाज दोन जिल्ह्यांपलीकडे कुणी ओळखत नाही, ते तर पुसलेच गेले. डाउनलोडने चाचांच्या खिशातून एक रुपया काढला नाही, कारण खिशात यायचाच नव्हता. त्यांची सुपारी ज्यावर चालायची ते नाव मात्र नेलं. कमिटीला कव्वाली आवडली तरी बोलवायचं कुणाला? आणि पुढे कमिट्यांनीही डीजे लावून चिपवरचीच कव्वाली वाजवायला सुरुवात केली.

डाउनलोडचं भलंही सांगितलं पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल. गाडगेबाबा आमच्या जिल्ह्यातले, शेंडगावचे. १९५६ साली वांद्र्याच्या पोलिस ठाण्यात त्यांनी केलेलं कीर्तन टेप झालं होतं. त्यानंतर काही दिवसांतच, २० डिसेंबरला, वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. कोणत्या कंपनीने हे कीर्तन घराघरांत पोचवलं असतं? ते पोचलं चिपमधून आणि नंतर व्हॉट्सॲपवरून. आज वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात कुणाच्या तरी मोबाईलमध्ये तो खरखरीत आवाज आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डही संग्राहकांनी इंटरनेटवर चढवल्या. एरवी त्या भंगारात गेल्या असत्या. गौहर जानचं ते शेवटचं पुकारणं मीही असंच ऐकलं. एक पैसा न देता. रफीसाहेबांच्या गाण्यांसाठी आयुष्यात किती पैसे दिले, असं मला कुणी विचारलं तर मान खाली घालावी लागेल.

२०१६ च्या फेब्रुवारीअखेर मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस बंद झालं. वर्तमानपत्रांनी त्यावर हळवे लेख लिहिले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि आमच्या चिपवाल्यांची दुकानं थंड पडली. त्यांच्यावर कुणी लेख लिहिला नाही. फुकट डेटा असताना चिप कोण भरणार? कॅसेटवाल्याला ज्याने उठवलं होतं, त्याला दहा वर्षंही मिळाली नाहीत. ज्या टपरीवर मी ते फोल्डर पाहिले तिथे आता आधारची प्रिंट, मोबाईलची काच आणि रिचार्ज. फोल्डरचा तो कॉम्प्युटर त्याने किलोवर विकला.

आता सगळं ॲपवर आहे आणि म्हणे सगळ्याचा हिशेब ठेवला जातो. कायदाही सुधारला. २०१२ साली राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी जोर लावला, आणि गीतकार-संगीतकाराने करारात काहीही लिहून दिलं तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा कुणाला विकता येणार नाही, असं ठरलं. आणखी एक तरतूद थेट आपल्या विषयाची आहे. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट नाव घेतल्याशिवाय दिले गेले असं मानता येणार नाही. म्हणजे कॅसेटच्या काळात कॅसेटपुरती केलेली सही डाउनलोडला आपोआप लागू नाही. जुन्या करारांना हे कितपत लावायचं यावर वकिलांत वाद आहेत. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तर टिप्स आणि विंक यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की गाणं डाउनलोड करून ठेवायला देणं हा विक्री किंवा भाड्याचा व्यवहार आहे, त्याला प्रसारणाची सवलत मागता येणार नाही. हे सगळं मोठ्यांच्या लढाईत चाचांसारख्यांच्याही कामाचं आहे. पण त्यासाठी आधी मी कोण आणि हे गाणं माझं, हे दाखवता आलं पाहिजे.

चाचा कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. मुलगा आयटीआय झालेला, गातोही. त्याने वडिलांची कॅसेट मोबाईलवर घेऊन एका संकेतस्थळावर चढवली, खाली वडिलांचं नाव, गाव, कलाम कुणाचं ते सगळं नीट लिहिलं. तीन दिवसांनी संदेश आला, हे ध्वनिमुद्रण दुसऱ्याच्या मालकीचं आहे. ज्या कंपनीने चार हजार दिले होते ती केव्हाच बंद पडली होती. तिचा सगळा साठा कुणी दुसऱ्याने घेतला होता आणि त्याने तिसऱ्याला दिला होता. त्या तिसऱ्याने चढवलेली तीच कव्वाली मुलाला सापडली. तिथे गायक म्हणून लिहिलं होतं, ‘विविध कलाकार’.

मुलगा माझ्याकडे आला होता, अर्ज लिहून द्या म्हणून. घरातली लोखंडी पेटी आम्ही दोघांनी उपसली. स्टॅम्पपेपर सापडला नाही. सापडली एक कॅसेट, वेष्टनासकट, चुकीच्या आडनावाची. चाचांच्या आधार कार्डावरचं आडनाव वेगळं, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच. गीतकार म्हणून वारसाला सोसायटीचं सभासद होता येतं. त्याला पॅन, बँक खातं आणि रचनांची यादी लागते. यादी तर झाली. आठही कव्वाल्यांच्या मक्त्यात चाचांनी तखल्लुस घातलेलं होतं. वेबसाईटवाल्यांनी, डीजेवाल्यांनी, त्या तिसऱ्या कंपनीने फाइलीवरचं सगळं पुसलं होतं, पण शेवटच्या शेरात चाचा स्वतःच आपलं नाव घेत होते. ते कापायचं तर कव्वालीच कापावी लागली असती. अर्जात आम्ही मिनिट-सेकंद घालून लिहिलं, अमुक ठिकाणी ऐकावं.

पैसे मिळतील का? फारसे नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून नियमच केला आहे की वर्षभरात हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला छदामही मिळणार नाही. बाकीकडेही एका ऐकण्याचे काही पैसे, तेही वाटून. मुलाला हे सगळं ठाऊक आहे. त्याला पैशांपेक्षा ‘विविध कलाकार’ हे दोन शब्द तिथून काढायचे आहेत.

अर्ज पाठवून सात महिने झाले. मध्ये अचलपूरला उरुसात त्याची हाजिरी होती, मीही गेलो होतो. समोर बसलेल्या निम्म्या लोकांचे मोबाईल वर धरलेले. हार्मोनियम उघडण्याआधी त्याने त्या मोबाईलांकडे पाहून वडिलांचं पूर्ण नाव घेतलं, त्यांच्या उस्तादांचं घेतलं, मग स्वतःचं, मग ढोलकवाल्याचं, टाळी देणाऱ्या दोघांचं आणि ‘बडनेरा, जिल्हा अमरावती’ म्हणाला. कमिटीतला एक जण मागून ओरडला, ‘अरे भाई, शुरू करो!’